तासाभरात अठ्ठावीस डाव

वाचकाचे पत्र

मी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. लहानपणी सांगलीला आजोळी सुट्टीत रमी आणि मेंढीकोट भरपूर खेळलो. इथे आल्यावर सहकाऱ्यांमुळे पोकरची गोडी लागली. दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या कार्डरूममध्ये नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराची एक छोटी स्पर्धा खेळतो. प्रवेशशुल्क 80 डॉलर आहे. त्यातले 60 डॉलर बक्षिसांच्या रकमेत जातात आणि 20 डॉलर चालक ठेवून घेतात. प्रत्येकाला 10,000 चिप्स मिळतात. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या लहान (स्मॉल) आणि मोठ्या (बिग) रकमा, 100-200 पासून सुरू होऊन दर 15 मिनिटांनी वाढतात: 200-400, 300-600, 500-1,000, 800-1,600, 1,000-2,000, 1,500-3,000 आणि पुढे. साधारण 60 जण खेळतात आणि पहिल्या सहांना बक्षीस मिळते.

गेल्या वर्षी नामवंत खेळाडू डॅन हॅरिंग्टन यांच्या पोकरवरील ग्रंथमालेचे पहिले दोन खंड विकत घेऊन वाचले, वहीत टिपणे काढली आणि त्याप्रमाणे संयमाने खेळू लागलो. त्यानंतरच्या 14 स्पर्धांत एकदाच, 210 डॉलरचे बक्षीस मिळाले. पत्नी विचारते की पुस्तकांचा खर्च तरी वसूल झाला का. माझा प्रश्न असा आहे की अशी पुस्तके कमी पैशांच्या, वेगवान स्पर्धांना खरोखर लागू पडतात का? की ती फक्त लास व्हेगासच्या मोठ्या स्पर्धांसाठीच आहेत?

आणखी एक विचारतो. गेल्या स्पर्धेत ब्लाइंड 500-1,000 असताना माझ्याकडे 8,500 चिप्स होत्या. मी बटणावर, म्हणजे दर डावाला पुढे सरकणाऱ्या डीलरच्या जागेवर होतो, आधीच्या दोघांनी रेज न करता, म्हणजे रक्कम न वाढवता, नुसते 1,000 भरले होते आणि माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी आली. मी पाने टाकून दिली. माझे काही चुकले का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही ब्लाइंडचे वेळापत्रक आणि प्रवेशशुल्काची फोड अशी दोन्ही माहिती पत्रात दिलीत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ती नसती तर मला या प्रश्नाचे मोघम उत्तर द्यावे लागले असते. पुस्तके लागू पडतात की नाही, हे पुस्तकावर जितके अवलंबून असते तितकेच तुमच्या कार्डरूमच्या फलकावर लावलेल्या त्या वेळापत्रकावरही असते. माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची आकडेमोड मांडतो. तुम्ही वाचलेल्या पहिल्या खंडातला संयमाचा उपदेश तुमच्या शुक्रवारच्या स्पर्धेत जवळजवळ निरुपयोगी आहे आणि तो तसाच्या तसा पाळल्यास नुकसानकारकही आहे. दुसऱ्या खंडात कमी चिप्स उरल्यावर कसे खेळावे याविषयी जे लिहिले आहे, ते मात्र तुमच्या स्पर्धेला पहिल्या तासापासूनच लागू होते. तुम्ही दोन्ही खंडांना सारखे वजन दिलेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे घोटाळा तिथेच झाला.

हॅरिंग्टन यांनी 1995 साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली. 2003 मध्ये 839 खेळाडूंत ते तिसरे आले आणि 2004 मध्ये 2,576 खेळाडूंत चौथे. लागोपाठ दोन वर्षे इतक्या गर्दीतून शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचलेल्या माणसाने 2004 च्या अखेरीस पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला यात नवल नव्हते. पण ते ज्या स्पर्धेत नावाजले, तिचे घड्याळ कसे चालते ते पाहा. त्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क 10,000 डॉलर आहे आणि एकेक लेव्हल, म्हणजे ब्लाइंडचा एकेक टप्पा, दोन तासांची असते. अलीकडच्या वर्षांत तिथे 60,000 चिप्स मिळतात आणि ब्लाइंड 100-200 पासून सुरू होतात, म्हणजे खेळाडू 300 बिग ब्लाइंड घेऊन बसतो. तुम्ही 50 घेऊन बसता. फरक केवळ सहा पटींचा असता तरी निभावले असते. मोठा फरक आहे तो वेळेचा.

नऊ जणांच्या टेबलावर डीलर पाने वाटत असताना तासाला साधारण 25 ते 30 डाव होतात. आपण 28 धरू, म्हणजे तुमच्या एका लेव्हलमध्ये सात डाव. टेबलाभोवती बटणाची एक फेरी पूर्ण व्हायला नऊ डाव लागतात, त्यामुळे तुमच्याकडे एक फेरी पूर्ण होण्याआधीच ब्लाइंड वाढलेले असतात. मुख्य स्पर्धेतला खेळाडू मात्र त्याच ब्लाइंडवर सहा फेऱ्या खेळतो. त्याला पहिल्या लेव्हलमध्ये जितके डाव मिळतात, तितके तुम्हाला पहिल्या दोन तासांत मिळतात, आणि दोन तासांनंतर तुमच्या स्पर्धेतले बहुतेक जण घरी गेलेले असतात.

आता समजा, तुम्ही एकही डाव न खेळता केवळ ब्लाइंड भरत बसलात. दुसऱ्या खंडात ज्याला ‘एम’ म्हटले आहे, ते मोजमाप तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्याजवळच्या चिप्सना स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड आणि अँटी (काही स्पर्धांत डावाआधी भरायची जादा रक्कम) यांच्या बेरजेने भागायचे. हे नाव बॅकगॅमनचे थोर खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्यावरून पडले. पुस्तकाचे सहलेखक बिल रॉबर्टी हेही बॅकगॅमनमधलेच, आणि त्या खेळातली आकडेमोडीची शिस्त या खंडांत जागोजागी दिसते. तुमच्या स्पर्धेच्या सुरुवातीला एम 33 असतो. पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट झाल्यामुळे तो 16 होतो, अर्ध्या तासाने 10 आणि पाऊण तासाने सहाच्या खाली. तास भरतो आणि 800-1,600 सुरू होते, तेव्हा तुमच्याजवळ सुमारे 7,400 चिप्स असतात आणि एम तीनवर आलेला असतो. हॅरिंग्टन यांनी 20 च्या वर हिरवा, 10 ते 20 पिवळा, सहा ते 10 नारिंगी आणि त्याखाली लाल असे पट्टे पाडले आहेत. तुम्ही कोणतीही चूक न करता, कोणाकडून एकही डाव न हरता, साठ मिनिटांत हिरव्यातून लाल पट्ट्यात आलात. आणखी पाऊण तास असेच बसलात तर चिप्स पूर्ण संपतात.

या साठ मिनिटांत चांगली पाने किती वेळा येतील? दोन पानांच्या एकूण 1,326 जुळण्या होतात. एक्क्यांची, राजांची, राण्यांची किंवा गुलामांची जोडी आणि एक्का-राजा यांच्या मिळून 40 जुळण्या होतात, म्हणजे साधारण 33 डावांत एकदा. पहिल्या तासातल्या 28 डावांत त्यांतले एकही न येण्याची शक्यता 42 टक्के आहे. दहापैकी चार शुक्रवारी तुम्ही पुस्तकाप्रमाणे उत्तम पानांची वाट पाहत बसाल आणि ती पाने येण्याआधीच लाल पट्ट्यात पोहोचाल. हे वाचून पटणार नाही कदाचित, म्हणून एक करून पाहा. रविवारी जेवणाच्या टेबलावर पानांचा एक जोड घ्या, नऊ जणांची पाने वाटा, एकच जागा आपली धरा आणि 28 वेळा पिसून वाटून तुमच्या वाट्याला काय येते ते वहीत लिहा. असे दोन-तीन रविवार केलेत, तर तुमच्या स्पर्धेचा पहिला तास केवढा लहान असतो हे हातालाच कळेल.

लहान जोड्या आणि लागोपाठची एकाच रंगाची पाने यांच्याबाबतही हेच होते. लहान जोडी हाती असताना फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पानांत, तिसरे तसेच पान येण्याची शक्यता साडेआठांत एक असते. ते आले तर समोरच्याचा मोठा स्टॅक (चिप्सचा साठा) जिंकता येतो, म्हणूनच खोल, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने भरपूर, चिप्सच्या खेळात लोक ती जोडी घेऊन थोडक्यात फ्लॉप पाहतात. त्यासाठी आपल्या आणि समोरच्याच्या चिप्स कॉलच्या, म्हणजे डावात राहण्यासाठी समोरच्याइतक्या भराव्या लागणाऱ्या रकमेच्या, निदान पंधरा पट असाव्या लागतात. तुमच्या तिसऱ्या लेव्हलला कोणी 1,800 चा रेज केला आणि तुमच्याजवळ 9,300 असतील, तर ते पटीचे गणित पाचावरच थांबते. फ्लॉप पाहण्यासाठी भरलेले ते 1,800 बहुतेक वेळा वाया जातात. इथे पुस्तकाचा दोष नाही, कारण ते खोल चिप्स गृहीत धरून लिहिले आहे आणि तसे सांगतेही.

पोकरच्या जगात या मुद्द्यावर उघड वाद झालेला आहे. ब्लॅकजॅकचे जुने अभ्यासक अर्नल्ड स्नायडर यांनी 2006 साली खास वेगवान, कमी शुल्काच्या स्पर्धांवर पुस्तक लिहिले. त्यांचा मुख्य आग्रह असा की स्पर्धेत उतरण्यापूर्वी तिचा वेग मोजावा आणि तो वेग जितका जास्त, तितका उत्तम पानांच्या भरवशावर राहण्याचा काळ कमी मानावा. टेबलावरची जागा (कोणाच्या आधी वा नंतर बोलायचे ते) आणि चिप्स यांना त्यांनी पानांच्या बरोबरीचे किंबहुना अधिकच महत्त्व दिले. एम हे मापक वेगवान स्पर्धेत दिशाभूल करते, असेही त्यांचे म्हणणे होते, कारण एम केवळ या क्षणाचे ब्लाइंड पाहतो आणि दहा मिनिटांनी ते काय होणार हे त्यात येत नाही. तुमच्या वेळापत्रकावरून वर केलेले गणित पाहिलेत, तर या आक्षेपातला जोर लक्षात येईल. तिसऱ्या लेव्हलला एम 10 असणे आणि मोठ्या स्पर्धेत एम 10 असणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे त्या दहाला दोन तास लाभू शकतात, तुमच्याकडे तो पंधरा मिनिटांत सहाच्या खाली जातो. घड्याळाच्या बाबतीत मी स्नायडर यांच्या बाजूने आहे. तुम्हाला आणखी एक पुस्तक घ्यायचे असेल तर मी तेच सुचवेन.

मात्र त्यांचेही जसेच्या तसे उचलू नका, आणि हे मी आग्रहाने सांगतो. जागेच्या बळावर पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, उचलायचा, तर समोरच्याने पाने टाकायला तयार असावे लागते. 80 डॉलरच्या स्पर्धेत शुक्रवारी आठवड्याचा शीण घालवायला आलेला माणूस पाने टाकायला आलेला नसतो. तो 200 भरून फ्लॉप पाहतो, एखादी लहानशी जोडी लागली की नदीपर्यंत, म्हणजे शेवटच्या पाचव्या सामायिक पानापर्यंत, कॉल करत जातो, आणि तुम्ही रेज का केला असावा याचा विचार करत नाही. तुम्ही अडीच बिग ब्लाइंडचा नेमस्त रेज केलात की चार जण मागे येतात. फ्लॉपवर चार जणांविरुद्ध हाती काही नसताना बेट करून (चिप्स लावून) काहीही साधत नाही. पोकरच्या बहुतेक पुस्तकांतल्या युक्त्या समोर विचार करणारा खेळाडू आहे असे मानून लिहिलेल्या असतात, आणि माझ्या अनुभवात वेगापेक्षाही जास्त हा फरक नवख्या वाचकाला महागात पडतो. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षे अशाच छोट्या स्पर्धांत फसवाफसवीचे डाव रचत राहिलो, आणि ज्यांना फसवायचे ते माझ्या डावाकडे पाहतच नव्हते हे मला फार उशिरा उमगले.

अशा टेबलावर काय करावे? पहिल्या दोन लेव्हलमध्ये चांगली पाने आली तर पुस्तकापेक्षा मोठा रेज करा. चार किंवा पाच बिग ब्लाइंड भरले तरी कॉल करणारे करतातच, आणि तुमच्या राण्यांच्या जोडीला जास्त पैसे मिळतात. फ्लॉपवर जोडी लागली की सरळ बेट करत राहा, आणि लागली नाही की सोडून द्या. फसवे बेट जवळजवळ बंद करा. हे कंटाळवाणे वाटेल, पण समोरचे खेळाडू कॉल करण्यात चुका करत असतील तर तुमचा लाभ त्याच चुकांतून यायचा आहे.

तिसऱ्या लेव्हलपासून मात्र खेळ बदलतो. इथे तुम्ही दुसऱ्या खंडाचा शेवटचा भाग पुन्हा वाचा, आणि सर्वांत आधी हे मनावर ठसवा की ऑल-इन करणे (सगळ्या चिप्स एकदम लावणे) आणि ऑल-इनला कॉल करणे यांना लागणारी पाने सारखी नसतात. रेज करणाऱ्यापेक्षा त्याला कॉल करणाऱ्याकडे अधिक चांगली पाने हवीत, हे पोकरवरचे जुने लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी फार पूर्वी मांडले. स्वतः ऑल-इन करणारा दोन रीतींनी जिंकू शकतो, समोरचे पाने टाकतात किंवा त्याचीच पाने सरस ठरतात. कॉल करणाऱ्याला यांतला दुसराच मार्ग उरतो.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. पाचवी लेव्हल आहे, 800-1,600, तुमच्याजवळ 7,400 चिप्स आहेत, तुम्ही बटणावर आहात आणि तुमच्यापर्यंत सर्वांनी पाने टाकली आहेत. हाती एकाच रंगाचे राजा आणि सत्ती आहे. पॉटमध्ये 2,400 पडलेले आहेत. समजा, दोन्ही ब्लाइंडवाले प्रत्येकी पाचातून एकदा कॉल करतात. मग 64 टक्के वेळा दोघेही पाने टाकतात आणि तुम्हाला 2,400 मिळतात. त्याचा सरासरी लाभ सुमारे 1,540 चिप्स. उरलेल्या 36 टक्के वेळा कॉल झाला आणि तुम्ही त्यांतले 37 टक्के डाव जिंकलात, तर सुमारे 16,000 च्या पॉटमधला तुमचा वाटा 5,920 होतो, म्हणजे 7,400 घालून 1,480 चे नुकसान. 36 टक्क्यांच्या हिशेबाने ते सुमारे 530 पडते. एकूण प्रत्येक वेळी सरासरी हजार चिप्सचा फायदा झाला, आणि तोही अशा पानांवर जी तुम्ही टाकून देत आला आहात. समोरचे दोघे प्रत्येकी दहातून चार वेळा कॉल करणारे निघाले, तर त्यांची पानेही हलकी असतात आणि तुमचे जिंकण्याचे प्रमाण वाढून 42 टक्क्यांच्या आसपास जाते, तरीही फायदा हजारावरून सव्वाचारशेवर येतो. म्हणून ढिल्या टेबलावर छक्की-सत्तीसारखी पाने सोडा, पण एक्का, राजा आणि कोणतीही जोडी धरून ठेवा. अशा ऑल-इनचे तक्ते तयार मिळतात. दहा बिग ब्लाइंड असताना स्मॉल ब्लाइंडवरून एकट्या बिग ब्लाइंडविरुद्ध त्यांत अर्ध्याहून अधिक पानांवर ऑल-इन सुचवलेले असते, तर टेबलावर सर्वांत आधी बोलणाऱ्याला शंभरातली दहा-पंधराच. हे दोन टोकांचे आकडे लक्षात ठेवलेत तरी मधल्या जागांचा अंदाज येऊ लागतो.

सातव्या लेव्हलला, 1,500-3,000 असताना, खेळात एकूण सहा लाख चिप्स असतात. तेव्हा समजा 25 जण उरले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 24,000, म्हणजे आठच बिग ब्लाइंड येतात. तुमच्या पत्रातून असे वाटते की आठ-नऊ बिग ब्लाइंड उरले की तुम्ही स्वतःला अडचणीत आलेला समजता आणि अधिकच जपून खेळू लागता. वास्तविक त्या वेळी सगळे टेबल तितक्याच चिप्सवर खेळत असते. बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे सात-आठ जण उरले असताना, तुमच्याहून कमी चिप्सचे दोघे-तिघे असतील तर मध्यम पानांवर कॉल करणे टाळा. एवढे पथ्य पुरे. बक्षिसांच्या टप्प्यांचे सूक्ष्म गणित तुम्हाला पुढे केव्हाही शिकता येईल.

आता तुमच्या 14 स्पर्धांकडे वळतो, कारण पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. 60 पैकी सहांना बक्षीस, म्हणजे अगदी सरासरी खेळाडूला दहातून एकदा बक्षीस मिळायला हवे. अशा खेळाडूला 14 स्पर्धांत एकही बक्षीस न मिळणे किंवा फक्त एकच मिळणे, याची शक्यता 58 टक्के आहे. शंभरात पंधरा वेळा बक्षीस मिळवणाऱ्या खरोखर चांगल्या खेळाडूलाही हाच निकाल 36 टक्के वेळा पाहावा लागतो. त्यामुळे या निकालावरून पुस्तकांनी तुम्हाला सुधारले की बिघडवले, यातले काहीच ठरत नाही. तुम्ही 14 वेळा गेलात, 1,120 डॉलर भरले आणि 210 परत आले. हे 910 डॉलरचे नुकसान मी लहान म्हणत नाही. त्यात 280 डॉलर चालकांच्या वाट्याचे होते आणि ते तुम्ही कसेही खेळला असतात तरी गेलेच असते.

आणि इथे मला तुमच्यापाशी स्पष्टपणे बोलले पाहिजे. तुम्ही भरलेल्या 80 पैकी 60 डॉलरच बक्षिसात जात असतील, तर केवळ बरोबरीत सुटण्यासाठी तुम्हाला सरासरी खेळाडूपेक्षा एक तृतीयांश अधिक मिळवावे लागते. 15 मिनिटांच्या लेव्हलवर नशिबाचा वाटा मोठा असतो. 60 टक्के तुमच्या बाजूने असलेले तीन ऑल-इन लागोपाठ जिंकण्याची शक्यता 22 टक्क्यांच्या आतच असते, आणि 10,000 चे 80,000 करायला तीनदा दुप्पट व्हावे लागते. अशा परिस्थितीत एक तृतीयांशाची आघाडी टिकवणे फार थोड्यांना जमते. जवळपास जिथे लेव्हल 25 किंवा 30 मिनिटांची आहे आणि चालकांचा वाटा आठव्या हिश्श्याच्या आत आहे अशी स्पर्धा असेल, तर शुल्क जास्त असले तरी महिन्यात दोनऐवजी एकदा तिथे जा. तिथे पहिला खंडही थोडाफार कामाला येईल. तशी स्पर्धा नसेल तर ही शुक्रवारची संध्याकाळ करमणुकीच्या खर्चात धरा, तिची वार्षिक मर्यादा पत्नीच्या संमतीने आधीच ठरवा आणि त्या मर्यादेपलीकडे जाऊ नका. री-बायची (चिप्स संपल्यावर पुन्हा पैसे भरून चिप्स घेण्याची) सोय असेल तर एका संध्याकाळी जास्तीत जास्त एकच घ्यायची, तीही पहिल्या दोन लेव्हलमध्ये, हे घरून निघतानाच ठरवून निघा.

महाराष्ट्रातून हे सदर वाचणाऱ्यांपैकी काही जण अशाच वेगवान स्पर्धा फोनवर खेळत असत, त्यांच्यासाठी दोन वाक्ये लिहितो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि पोकरही त्याच्या कक्षेत येते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. गोव्यात मांडवीवरच्या कसिनो जहाजांवर टेबलावरच्या खेळांना राज्याच्या कायद्याने मुभा आहे. तिथे कोणी स्पर्धा खेळणार असेल तर शुल्क भरण्याआधी चिप्स, लेव्हलची मिनिटे आणि चालकांचा वाटा या तीन गोष्टी विचाराव्यात आणि वर केलेले तासाभराचे गणित तिथल्या आकड्यांवर करून पाहावे.

शेवटी तुमची अठ्ठ्यांची जोडी. पॉटमध्ये 500, 1,000 आणि दोघांचे मिळून 2,000 असे 3,500 पडलेले होते. तुमच्याजवळ 8,500 होते, एम सहाच्या किंचित खाली. ऑल-इन करून सर्वांनी पाने टाकली असती तर तुमचा स्टॅक 41 टक्क्यांनी वाढला असता. समजा चाळीस टक्के वेळाच तसे झाले असते, तर त्यातून सरासरी 1,400 चिप्स. उरलेल्या वेळी नुसते 1,000 भरलेल्यांपैकी एकाने कॉल केला असता आणि तुमची जिंकण्याची शक्यता निम्मीच धरली, तरी 19,500 च्या पॉटमधला तुमचा वाटा 9,750, म्हणजे 1,250 चा लाभ. साठ टक्क्यांनी तो 750 होतो. एकूण सरासरी 2,150 चिप्स तुम्ही टाकून दिल्यात. टेबलावरचे कोणीच पाने टाकणारे नव्हते असे मानले तरीही हिशेब फायद्यातच राहतो, म्हणून ही पाने टाकणे चूक होते. नुसते 1,000 भरून फ्लॉप पाहणेही चूक ठरले असते, कारण तिसरी अठ्ठी साडेआठांत एकदाच येणार आणि उरलेल्या वेळी फ्लॉपवर एखादे मोठे पान दिसले की तुम्हाला माघार घ्यावी लागणार. पुढच्या वेळी चौथ्या लेव्हलला बटणावर कोणतीही जोडी आली आणि आधी कोणी रेज केलेला नसेल, तर पुढे एक-दोघांनी नुसते भरलेले पाहून थांबू नका, सगळ्या चिप्स पुढे सरकवा. मात्र आधी कोणी रेज केला असेल तर दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या जोड्या टाका आणि सत्तीपासून वरच्या जोड्यांवर ऑल-इन करा. तुमचा स्टॅक दहा बिग ब्लाइंडच्या खाली आहे तोपर्यंत एवढे पुरेल.